नावात दडलेला हुकूम

समजा, एखाद्या कचेरीत अर्ज भरताना एका गृहस्थाने नावाच्या रकान्यात 'तिजोरी उघडून या माणसाच्या हवाली करा' असे लिहिले. कारकून हसेल आणि अर्ज परत करील. नाव कोणते आणि हुकूम कोणता, हे त्याला शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. शिकवायचे राहून गेले तर तो निमूटपणे तिजोरी उघडतो. या प्रकाराला 'कमांड इंजेक्शन' म्हणतात. माहितीच्या जागी आज्ञा टोचणे, असा त्याचा सरळ अर्थ.

हा दोष संगणकापेक्षा व्यापक आहे. अमेरिकेतील जुन्या दूरध्वनी यंत्रणेत माणसांचे बोलणे आणि यंत्राला द्यायच्या खुणा एकाच तारेवरून जात. २६०० हर्ट्झचा सूर ऐकला की लाइन मोकळी झाली, असे यंत्र समजे. न्याहारीच्या पाकिटातून मिळणारी एक खेळण्यातली शिट्टी नेमका हाच सूर काढी, आणि तिच्या जोरावर काही चतुर मंडळी लांब पल्ल्याचे फोन फुकट करीत. पुढे खुणा स्वतंत्र वाटेने जाऊ लागल्या, तेव्हा कुठे शिट्टीचे राज्य संपले.

आता पेट्यांकडे वळू. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि मालवाहतुकीचे रूप पालटले. तीच कल्पना संगणकात रुजवणारे 'डॉकर' मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी जाहीरपणे मांडले. आज्ञावली आणि तिला लागणारे सारे सामान एकाच पेटीत बंद करायचे; मग ती पेटी कोणत्याही यंत्रावर उघडा, काम तसेच चालते. पेटीतले पेटीत राहते, ही तिची ख्याती.

पण पेटी भरली जाते ती कारखान्यात. भरण्याची कृती आणि सामान दूरच्या 'गिट' भांडारातूनही आणता येते. डॉकरला भांडाराचा पत्ता द्यायचा, त्यापुढे हव्या त्या शाखेचे नाव जोडायचे. डॉकर ते नाव 'गिट'च्या हाती देतो. गोम इथेच होती. आडव्या रेघेने सुरू होणारा शब्द 'गिट'च्या लेखी नाव नसून सूचना असते. शाखेच्या नावाऐवजी कोणता कार्यक्रम चालवायचा हे सांगणारी सूचना लिहिली, की हल्लेखोराची आज्ञा पेटी बांधणाऱ्याच्याच अधिकाराने चाले. तीही पेटीच्या आत नव्हे, पेटी भरली जायच्या आधी, बाहेर. २०१९ मध्ये १८.०९.४ या आवृत्तीत हे छिद्र बुजवले गेले. उपाय काय, तर नावाचा आरंभ आडव्या रेघेने होत असेल तर ते नाकारायचे. चार ओळींचे काम!

परक्याचा पत्ता कोण कशाला घेईल, असे कुणी विचारील. पण आज पेट्या बांधण्याचे काम बहुतेक ठिकाणी यंत्रच करते. पत्ता आला की बांधणी सुरू. शिवाय याच यंत्रापाशी बाकीच्या दालनांच्या किल्ल्या ठेवलेल्या असतात. २०२१ मध्ये 'कोडकोव्ह' या अमेरिकी कंपनीत नेमके हेच दिसले. तेथील दोष कमांड इंजेक्शनचा नव्हता. डॉकर प्रतिमा तयार करताना झालेल्या चुकीमुळे एक गुप्त किल्ली बाहेर पडली. तिच्या साहाय्याने कंपनीच्या एका आज्ञावलीत फेरफार करण्यात आला, आणि ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत ती आज्ञावली वापरणाऱ्या ग्राहकांच्या किल्ल्या परस्पर परक्याकडे जात राहिल्या. चोर एका घरात शिरला नाही. कुलुपे बनवणाऱ्याच्या दुकानात शिरला.

उपाय अवघड नाहीत. बाहेरून आलेला मजकूर आज्ञेत चिकटवू नये. नाव ते नाव आणि सूचना ती सूचना, असे वेगळे करूनच द्यावे. बांधणीच्या यंत्राला कामापुरताच अधिकार असावा आणि किल्ल्या त्याच्या आवाक्याबाहेर असाव्यात. अडचण आहे ती सवयीची. तयार पेटीची झडती घ्यायला आपण शिकलो. ती भरणाऱ्या हातांवर मात्र डोळे मिटून विश्वास टाकतो. अर्ज परत करणारा तो कारकून आपल्याला रुक्ष वाटत असेल, पण संगणकाच्या कारखान्यात आज त्याचीच जागा रिकामी आहे.