डोंगरात सायकल, पण चढ सौम्य

लेकाकडे इंग्लंडला निघालेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, तिकडच्या डोंगरात सायकल झेपेल का?" मी डर्बीशायरमधील मॉन्सल ट्रेल सुचवला. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची ही साडेआठ मैलांची वाट. तिच्यावरचे जुने बोगदे २०११ मध्ये खुले झाले. मोटारींना मज्जाव, त्यामुळे धास्ती नाही. आगगाडीला खडा चढ चढवत नाही, म्हणून डोंगर पोखरून मार्ग सौम्य ठेवलेला; त्याचा फायदा आता हृदयाला आणि गुडघ्यांना. आजूबाजूच्या रस्त्यांवरचे चढ मात्र दमछाक करणारे, ते टाळावेत. पायडल मारताना सहज बोलता आले पाहिजे. धाप लागल्यास वेग कमी करावा. बोगद्यात गारठा असतो, स्वेटर न्यावा. छातीत दडपण आले तर तिथेच उतरून बसावे. तिकडचा तातडीचा फोन नंबर ९९९.