बोटावरची गाठ आणि चाकूची भीती

गैरसमज : गाठीला चाकू लावला की कॅन्सर होतो, पसरतो.

बोटावर गाठ दिसली की हा सल्ला ठरलेलाच. सांगणारा मोकळा होतो, ऐकणारा वर्षानुवर्षं गाठ अंगावर काढतो. नुकसान चाकूने होत नाही, या थांबण्याने होतं.

वस्तुस्थिती : बोटावरची टणक, सहसा न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ बऱ्याचदा 'जायंट सेल ट्यूमर ऑफ टेंडन शीथ' असते. हातावरच्या गाठींत गँगलियन या द्रवाने भरलेल्या गाठीखालोखाल हिचाच नंबर. ती तिशी ते पन्नाशीत, बायकांमध्ये जास्त दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती सौम्य गाठ आहे. 2006 साली 'पीएनएएस' या विज्ञान-नियतकालिकातल्या संशोधनाने तिचं मूळ दाखवलं : थोड्याच पेशींच्या जनुकांत बिघाड होतो, त्या सीएसएफ-1 नावाचं प्रथिन जास्त बनवतात आणि त्यामुळे इतर पेशी तिथे गोळा होतात. यात चाकूचा संबंध कुठे येतो?

गाठ काढल्यावर काहींना ती पुन्हा होते, हे खरं. पण ती कॅन्सर म्हणून परतत नाही. मुख्य गाठीशेजारचे बारीक दाणे मागे राहिले तर तीच सौम्य गाठ पुन्हा वाढते. म्हणून सर्जन हाताचा रक्तपुरवठा तात्पुरता थांबवून, भिंगाच्या चष्म्यातून ती पिवळसर-तपकिरी, खडबडीत गाठ बोटाच्या नसेपासून अलगद सोडवतात आणि आजूबाजूचे दाणे शोधतात. उशीर केला तर गाठ नसेला वेढते, दाबाने हाडाला खड्डा पाडते आणि हेच काम अवघड होऊन बसतं.

आणि क्वचित गाठ खरोखर कॅन्सरची निघालीच, तर थांबणं अधिकच घातक!

आणखी काही गैरसमज :

'चोळून, लेप लावून विरघळते.' पेशींची भरीव गाठ लेपाने विरघळत नाही.

'सुईने पाणी काढा.' द्रव असतो गँगलियनमध्ये. त्यातून टॉर्चचा उजेड आरपार दिसतो, हिच्यातून नाही.

'दुखत नाही, म्हणजे काळजी नाही.' न दुखताही ती हाड पोखरू शकते.

'हाडाचा जायंट सेल ट्यूमर तो हाच.' नाही, तो आजार वेगळा.

गाठ लहान असतानाच हाताच्या सर्जनला दाखवा. काढली, तर ती पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा आणि रिपोर्ट जपून ठेवा. निदान तिथे होतं, शेजाऱ्यांच्या सल्ल्यात नाही.