सहलीतल्या मैत्रीचे तास

कुंभकोणम हा आमच्या तमिळनाडू सहलीचा शेवटचा मुक्काम. दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर पाहून डिग्री कॉफी प्यायला बसलो. पितळी वाटी-पेल्यातली कॉफी संपली, तरी कोणी उठेना. आठ दिवसांपूर्वी अनोळखी असलेल्या नाशिकच्या काकूंच्या गुडघ्याची मला आता काळजी वाटत होती.

इतक्या लवकर जीव कसा जडतो? कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये मैत्रीला लागणारे तास मोजले. त्यांच्या अंदाजाने जुजबी मैत्रीला सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २००हून अधिक. त्यातही कामाच्या निमित्ताने घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळ्या गप्पांचे पडतात. सहलीत बस, पंगत, देवळाची ओवरी धरून दिवसाचे बारा तास सोबत जातात. आठ दिवसांत ९६! शेजाऱ्यांशी वर्षभरात तरी एवढं बोलणं होतं का?

संध्याकाळी महामहम तलावाच्या पायऱ्यांवर फोन नंबर लिहून घेतले. इथला महामहम उत्सव बारा वर्षांनी येतो, मागचा २०१६मध्ये झाला. काकूंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे २०२८. तेव्हा सगळ्यांनी यायचं हं!”