व्हाउचर कुठे आहे?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी तेव्हा शाळेत जाणारा पोरगा होतो. सकाळी आमच्या चाळीत एकच गलका उठला, "गणपती दूध पितोय!" ज्याच्या घरी फोन होता त्याच्या दारात गर्दी जमली. कुणाच्या मेहुण्याने ठाण्याहून कळवले होते, कुणाच्या साहेबांनी स्वतः पाजले होते. दूधवाल्याची किटली गल्लीच्या तोंडाशीच रिकामी झाली.

शेजारच्या मावशींच्या घरी दहा महिन्यांचा नातू होता. त्याच्यासाठी घेतलेले पावशेर दूध तांब्यात घेऊन त्या रांगेत उभ्या राहायला निघाल्या. माझ्या आईने त्यांना दारातच थांबवले. तिने वाद घातला नाही. मसाल्याचा वरवंटा धुऊन तिने ताटलीत उभा केला, तांब्यातले चमचाभर दूध घेतले आणि चमचा किंचित कलता करून वरवंट्याला टेकवला. बघता बघता चमचा रिकामा झाला. आई म्हणाली, "बघा ताई, आमचा वरवंटा बी उपाशीच होता की!" मग तिने ताटलीच्या तळाशी साचलेले दूध दाखवले. मावशी आधी रागावल्या, मग हसल्या. उरलेले दूध नातवाच्या पोटात गेले.

माझी आई चौथी शिकलेली. 'पृष्ठताण' हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. तिने फक्त एवढेच विचारले, "दूध गेलं कुठं?" त्या दिवशी हा एक प्रश्न किती शिकल्यासवरल्या माणसांना सुचला नाही!

बातमी धावते, खुलासा लंगडतो

दिल्लीतल्या एका देवळातून पहाटे निघालेली ही बातमी दुपारपर्यंत देशभर आणि पुढे थेट लंडनपर्यंत पोचली. त्या वेळी सर्वसामान्यांच्या हाती मोबाइल नव्हते, व्हॉट्सअॅप नव्हते. लोकांनी लोकांना फोन केले आणि टीव्हीने गर्दी दाखवली. गर्दी पाहून आणखी गर्दी झाली. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यातील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून प्रयोग केला, तेव्हा मूर्तीच्या अंगावरून खाली उतरणारा रंगीत ओघळ सर्वांना दिसला. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो. भरलेला चमचा दगडाला टेकला की दूध त्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली उतरते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही, एवढेच रहस्य! महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीही लोकांना हेच समजावून सांगितले. परंतु आमच्या वाचनालयात आलेल्या पेपरात रांगांचा फोटो पहिल्या पानावर होता आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे आतल्या पानावर बारीक अक्षरात.

कुणी म्हणेल, हा श्रद्धेचा मामला, पत्रकार तरी काय करणार? मग दुसरे उदाहरण घ्या. १९९६ साली तामिळनाडूतल्या रामर पिल्लई नावाच्या माणसाने दावा केला की तो पाण्यात जडीबुटी टाकून पेट्रोल बनवतो. येथे ना देव होता ना देऊळ. तरीही वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले, मोठमोठ्या पदांवरची माणसे हुरळली. शास्त्रज्ञांच्या चाचणीत मात्र ढवळायच्या पोकळ दांडीतच इंधन दडवल्याचे उघड झाले. २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. वीस वर्षांपूर्वी त्याला पान-पानभर जागा मिळाली होती. शिक्षेची बातमी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली?

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून हजारो माणसे बाटल्या घेऊन धावली. अहो, जोराचा पाऊस झाला होता. मिठी नदीचे पाणी समुद्रात येत होते, आणि गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते. ते पाणी घाण आहे, पिऊ नका, असे अधिकारी ओरडून सांगत होते. तरी लोक ते पाणी लेकरांना पाजत होते. टीव्हीचे कॅमेरे समोरच होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत उपग्रहाला खबर देणारी चिप आहे, असे वृत्तवाहिन्यांनी छातीठोकपणे सांगितले. कागदाच्या त्या नोटेत बॅटरी कुठे बसवली, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. आमच्या कचेरीत एक नियम आहे. खर्च दहा रुपयांचा असो की दहा लाखांचा, व्हाउचर असल्याशिवाय खात्यात नोंद चढत नाही. साहेबांनी सांगितले तरी नाही! वर्तमानपत्राच्या कचेरीत हा नियम सुटला की काय होते, ते वर सांगितले. पण दूध आणि चिप यांवर बातमी संपत नाही. हीच सैल वही निवडणुकीच्या वेळी उघडते, तेव्हा नुकसान कुणाचे होते?

पैसे घेऊन छापलेली 'बातमी'

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एक चमत्कार घडला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर शब्दाला शब्द सारखा छापून आला! पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उजेडात आणले आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी २०१० मध्ये या धंद्यावर सविस्तर अहवाल लिहिला. तो पूर्ण अहवाल लोकांसमोर येण्यासाठी मात्र माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला.

दुधाच्या वेळी पत्रकार फसले असे म्हणता येईल. येथे वाचक फसवला गेला. ज्याच्यापाशी पैसा नाही, तो उमेदवार अशा पेपरात जन्मालाच येत नाही. आपल्या वस्तीतून उभा राहणारा कार्यकर्ता बहुधा तोच असतो.

माझ्या बहिणीची गोष्ट

आता घरचे सांगतो. माझी चुलतबहीण २०१२ साली आमच्या गावची सरपंच झाली. जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होती. तेव्हा सरपंच सदस्यांमधून निवडला जाई. पहिले वर्ष बरे गेले. पाण्याची पाइपलाइन आपल्या वस्तीपर्यंत आणायचे काम तिने हाती घेतले आणि काहींच्या पोटात दुखू लागले. एके दिवशी गावात एक बिनसहीचे पत्रक फिरले, "सरपंचबाईने पाणीयोजनेचे ८४ हजार खाल्ले." तिसऱ्या दिवशी तोच मजकूर तालुक्याच्या एका पेपरात बातमी म्हणून आला. तिला एका शब्दाने कुणी विचारले नाही.

अविश्वासाचा ठराव आला. महिला सरपंच असल्याने तीन चतुर्थांश मते लागत होती. नऊपैकी सात हात वर झाले. त्यात दोन हात आपल्याच माणसांचे होते. ते म्हणाले, "ताई, पेपरात आलंय ना, मग खोटं कसं असेल?"

रविवारी मी गावी गेलो. ताई चुलीपुढे बसून होती, बोलत नव्हती. मी रोकडवही, पासबुक आणि कामाचे मोजमाप-पुस्तक मागवून रात्रभर ताळा घातला. रुपया न् रुपया जुळत होता. ८४ हजार ठेकेदाराला चेकने दिलेले, काम मोजलेले, सही झालेली. आठ महिन्यांनी सरकारी लेखापरीक्षणातही तेच निघाले. पेपराने सहाव्या पानावर तीन ओळी छापल्या. ताईची खुर्ची मात्र परत आली नाही. पाइपलाइन वस्तीच्या अलीकडे दोनशे पावलांवर थांबली, ती पुढे चार वर्षे तिथेच होती.

सरपंच कुणी निवडावा?

मग कुणी म्हणेल, सरपंच थेट जनतेनेच निवडावा म्हणजे हा घोडेबाजार बंद! महाराष्ट्रात २०१७ मध्ये तसा कायदा झाला. २०१९ मध्ये सरकार बदलले, २०२० मध्ये पद्धत रद्द झाली. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलले, पद्धत परत आली. या काळात थेट निवडीवर लेखांचा पाऊस पडला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सदस्यांतून निवड असेल तर चार सदस्यांना सहलीला नेऊन सरपंच पाडता येतो, आणि पहिला बळी राखीव जागेवरच्या आपल्या भगिनीचा जातो. थेट निवड असेल तर तिला हटवणे अवघड, पण सदस्य विरोधी गटाचे निघाले तर एकही ठराव पुढे सरकत नाही. शिवाय थेट निवडणुकीला पैसा जास्त लागतो. तो आपल्याकडे कुठे आहे?

या वादात बाबासाहेबांचा एक विचार फार कामाचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतीची तुलना केली. अध्यक्षीय पद्धतीत सत्ताधाऱ्याची तपासणी मुदतीने, निवडणुकीच्या वेळी होते. संसदीय पद्धतीत ती मुदतीनेही होते आणि दररोजही होते. सभागृहात प्रश्न, ठराव, चर्चा यांतून सरकारला रोज हिशोब द्यावा लागतो. म्हणून स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त महत्त्व देणारी पद्धत त्यांनी पसंत केली. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला की धर्मात भक्ती चालेल, राजकारणात व्यक्तिपूजा माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

नेता कसा निवडावा याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की निवडल्यावर त्याला रोज कोण तपासणार? माझ्या बहिणीच्या बाबतीत तपासणी झालीच नाही. नुसती अफवा झाली. तपासणी झाली असती तर ती टिकली असती. ज्याचा हिशोब चोख आहे त्याला तपासणीचे भय नसते.

मतदान यंत्रावरच्या वादालाही हाच नियम लावावा. यंत्रासमोर हात जोडू नका आणि मोबाइलवर आलेल्या प्रत्येक आकड्यावर उडीही मारू नका. मत दिल्यावर काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी नीट पाहा. केंद्रावर एकूण किती मते पडली त्याचा '१७-सी' नमुना मतदान प्रतिनिधीला मिळतो. आपला प्रतिनिधी तो घेतल्याशिवाय उठता कामा नये. शंका घ्यायची तर ती कागद हातात ठेवून घ्यावी.

घरातली चार कामे

पहिले काम : कोणतीही बातमी पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हे कुणी पाहिले? कागद कुठे आहे? ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले का?

दुसरे : उमेदवाराचे शपथपत्र वाचा. त्यावरचे खटले, मालमत्ता आणि शिक्षण त्यात असते. घरातल्या कॉलेजच्या मुलाला ते मोबाइलवर काढायला सांगा आणि सर्वांना मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

तिसरे : ग्रामसभेला जा, आणि घरातल्या बायकांनाही न्या. हिशोब समजला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही माफ.

चौथे : खोटी बातमी छापणाऱ्या पेपराला पत्र लिहा. एक पत्र टोपलीत जाईल, पन्नास जाणार नाहीत.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आजच्या ग्रंथात पेपर, टीव्ही आणि मोबाइल तिन्ही आले.

आई आता नाही. तो वरवंटा आमच्या स्वयंपाकघरात अजून आहे. परवा माझ्या मुलीने कुठलीशी बातमी घाईघाईने दाखवली, "पप्पा, हे बघा काय झालंय!" मी काही बोलण्याआधी ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, "थांबा, आधी दूध गेलं कुठं ते बघते."