पासवर्ड भक्कम, पण लॉग फाइल उघडी!

वर्डप्रेस साइटला प्लगिन जोडताना धोका काय, असं कुणी विचारलं की मी २०२० मधलं ‘ईझी डब्ल्यूपी एसएमटीपी’चं उदाहरण देतो. साइटचे ईमेल पाठवणारं हे प्लगिन ५ लाखांहून जास्त साइट्सवर होतं. डीबग लॉग चालू असला की पाठवलेला प्रत्येक ईमेल एका फाइलमध्ये जसाच्या तसा उतरायचा. काही सर्व्हरवर ते फोल्डर ब्राउझरमधून कुणालाही दिसायचं. हॅकर अ‍ॅडमिनच्या नावाने पासवर्ड रिसेट मागायचा, लॉगमधली लिंक उचलायचा, की साइट ताब्यात! जुना पासवर्ड कितीही अवघड असू दे, उपयोग शून्य. तुमची साइट असेल तर प्लगिन अपडेट ठेवा, काम झालं की डीबग लॉग बंद करा आणि जुनी लॉग फाइल डिलीट करा.