घण तिचा, नाव कुणाचं?

‘टाक’ हा आपला मोठा गमतीचा शब्द आहे. देव्हाऱ्यात खंडोबाचा, भवानीचा असतो तो टाक, आणि पूर्वी दौतीत बुडवून लिहायचे तोही टाकच! दोन्हीत धातूचा पातळ पत्रा आणि त्याला दिलेला आकार. देवाचा टाक करायला सोनाराकडे जायचं हे आपल्याला माहीत असतं. पण लिहायच्या पेनाचं धातूकामही साध्या हत्यारांनी, हातानं करता येतं, हे किती जणींना ठाऊक आहे?

१९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून राजमहेंद्रीच्या रत्नम यांना एक पत्र पाठवलं. रत्नम यांनी स्वतः बनवलेलं शाईचं पेन कुमारप्पांच्या हाती त्यांच्याकडे धाडलं होतं. ते वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, असं गांधीजींनी कळवलं. वर्ध्याला ग्रामोद्योग संघ त्याआधीच्याच वर्षी, १९३४ मध्ये सुरू झाला होता. म्हणजे पेन हाही ग्रामोद्योगच की! आजही हौशी माणसं हातानं घडवलेलं पेन शोधून, चार पैसे जास्त मोजून घेतात.

आता पेनात धातू कुठे कुठे असतो? निब असते, पण ती घरी घडवायची वस्तू नाही; तिच्या टोकाला अतिशय कठीण धातूचा बारीक कण जोडलेला असतो. खिशाला अडकवायची क्लिप आणि टोपणाची कडी मात्र पितळेची, हातानं करता येते.

क्लिपसाठी साधारण एक मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घ्यायचा. आकार आखून कात्रीनं किंवा सोनारी करवतीनं कापायचा. मग तापवायचा. अंधाऱ्या जागी अंधुक लाल दिसला की बस्स, जास्त नाही. जास्त तापला तर पितळेतलं जस्त धूर होऊन जातं आणि तो धूर बाधतो. हे काम मोकळ्या हवेतच करावं. तापवलेलं पितळ मऊ होतं. पोलादी विळा लाल करून पाण्यात बुडवला की कडक होतो, पितळ मात्र पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. आहे ना गंमत?

तापवून काळा पडलेला पत्रा चिंच-मीठ लावून घासायचा. हे तर आपल्याला कुणी शिकवायलाच नको! मग लाकडी मोगरीनं वाकवून आकार द्यायचा आणि शेवटी ऐरणीवर हलक्या हातोडीनं ठोकायचं. ठोकून ठोकून पितळ पुन्हा कडक होतं, त्याला स्प्रिंग येते. यानंतर मात्र ते तापवायचं नाही, नाहीतर क्लिप खिशाला धरणारच नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठार मारतात, तेही नुसतं शोभेसाठी नाही. त्या ठोक्यांनी भांडं मजबूत होतं.

उरलं फिनिशिंग. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे आणताना उचलून घ्यायची. तिच्या दातांवर आधी खडू घासला तर पितळेचा कीस अडकत नाही. मग पाण्यात भिजवून पॉलिश पेपर : आधी २२०, मग ४००, ६००, १०००. दर वेळी घासायची दिशा बदलायची आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. इथे घाई केली की चकाकी आल्यावर तेच ओरखडे जास्त उठून दिसतात. डोळ्यांना चष्मा, पदर खोचलेला, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला हात नाही, एवढं पथ्य पाळायचं.

मैत्रिणींनो, हे सगळं भोर-वेल्ह्याच्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते आहे. इथली भातकापणी झाली की हाताला काम शोधावं लागतं. आणि धातूकाम आपल्याकडे बायकांना नवीन नाही. घिसाडी, लोहार कुटुंबात नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको भाता चालवते, घणही तीच मारते. मुलाला झोळीत टाकून घण मारणारी बाई आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. तरीही आपण म्हणतो काय? ‘लोहाराकडून विळा आणला.’ तिला लोहार कुणी म्हणतं का? ती ‘लोहाराची बायको’!

हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही, पैशांचाही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यातल्या १८ व्यवसायांत लोहार, सोनार, हातोडी व अवजारं बनवणारे आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत आणि नंतर २ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजानं कर्ज. पण अट अशी, की एका कुटुंबातून एकालाच लाभ. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. ते एक नाव नवऱ्याचंच हवं, असं मात्र नियमात कुठेही नाही. जी स्वतः हातानं आणि हत्यारानं काम करते, ती कारागीरच!

तुमच्या घरातून, तुमच्या वस्तीतून कुणाचं नाव गेलं, हे एकदा विचारा. आता अर्जाची स्थिती काय आहे तेही ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात विचारून घ्या. पुढे दुसरी एखादी योजना येईल, तिचाही अर्ज येईल, तेव्हा नवऱ्याबायकोनं आधी घरात बसून बोलावं. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयालाही द्या.

कानस शंभर-दीडशे रुपयांत मिळते. पेनाची क्लिप जमेल तेव्हा जमेल. पण ‘धंदा कोणता?’ या रकान्यात घण मारणाऱ्या बाईनं ‘घरकाम’ लिहू नये. ‘लोहारकाम’ असं ठसठशीत लिहावं, आणि खाली सही स्वतःची करावी.