रानातले दोन आवाज

केरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे लागते. तेरेखोल गाव जमिनीने रेडीला, म्हणजे महाराष्ट्राला चिकटलेलं. कागदोपत्री मात्र ते गोव्यातल्या पेडणे तालुक्यात येतं. दोन्ही काठांवरच्या सोयरिकी, जत्रा, दशावताराचे खेळ एकमेकांत गुंतलेले. युद्धकाळातल्या प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्याला याहून वेगळी जागा कशाला हवी? एक खाडी, एक किल्ला, आणि दोन्ही तीरांवर एकमेकांची माणसं.

हा किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात उभारला. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. पण खाडीच्या अलीकडचं पेडणं त्यांच्या हाती आलं ते १७८८ साली, सावंतवाडीकरांशी झालेल्या तहाने. म्हणून साडेचारशे वर्षांच्या गुलामगिरीचा हिशेब पेडण्याला जसाच्या तसा लागू होत नाही. इथली पोर्तुगीज राजवट १७३ वर्षांची, आणि तिच्याआधीची नाती सगळी वाडीकडची. गोव्यावर लिहिणाऱ्या पुष्कळांच्या हातून हा फरक निसटतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे सरहद्द आवळली तेव्हा इथे दोन देशांइतकीच दोन माहेरं-सासरंही तुटली.

मराठी ऐतिहासिक कादंबरीला प्रेम आणि लढाई यांची जोडी नवी नाही. १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तारा’तून ‘मोचनगड’ प्रसिद्ध होऊ लागली, तिथून हा प्रकार मराठीत सुरू झाला. तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर बेळगावकडच्या जांबोटीचे, म्हणजे गोव्याच्या हद्दीपासून काही फार लांबचे नव्हेत. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ लिहून ऐतिहासिक कादंबरीला वाचकांच्या घराघरांत नेलं. यांतल्या शेवटच्या कादंबरीच्या मुळाशी असलेली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: रायबाचं लग्न मागे ठेवून कोंढाण्यावर गेलेला तानाजी. आधी मोहीम, मग मांडव. पण त्या मोहिमेवर पुरुष जातो आणि बाई सज्जातून वाट पाहते, किंवा शत्रूच्या कैदेत सुटकेची वाट पाहते. हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की वेगळं काही समोर घडलं तरी ते कादंबरीचं वाटत नाही.

गोव्याच्या पोर्तुगीज भाषेतल्या लेखकांनीही युद्धाचा काळ कादंबरीत आणला. नावेलीचे फ्रान्सिस्कु लुईश गोमिश लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते. त्यांची ‘उश ब्राह्मनिश’ १८६६ साली लिस्बनमध्ये निघाली. तिला १८५७ च्या उठावाची पार्श्वभूमी आहे. जातीचा गर्व आणि गोऱ्या कातडीचा गर्व यांना त्यांनी एकाच तराजूत तोललं. पुढे ऑर्लांदु द कॉश्ता यांनी ‘उ सिग्नु द इरा’ या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला साष्टीतला कुणबी समाज, त्याची उपासमार आणि गोव्यात आणून ठेवलेले पोर्तुगीज शिपाई रंगवले. ती आली १९६१ साली, गोवा मुक्तीच्याच वर्षी. दोन्ही कादंबऱ्या मोठ्या आहेत. तरी जी जोडी मला मराठी कादंबरीत पाहायची आहे, ती त्यांच्यात नाही. ती आंबोलीच्या रानात होती.

गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या सत्याग्रही तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला. किल्ला फार वेळ हाती राहिला नाही, सत्याग्रही पकडले गेले. पुढे सत्याग्रही हिरवे गुरुजी इथेच हुतात्मा झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र लोक ठिकठिकाणी सरहद्द ओलांडून गोव्यात शिरले. पेडण्यात पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. सत्याग्रही कर्नेलसिंग तिथे पडला. त्यानंतर भारत सरकारने सामुदायिक सत्याग्रह थांबवला, राजनैतिक संबंध तोडले, नाकेबंदी कडक केली. रस्त्याने माणूस आत जाईना. वर्तमानपत्र सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय निघेना. गोव्यात शिरायला उरली ती हवेची वाट.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी त्या वाटेने आवाज शिरला. १५१० साली याच तारखेला आफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकला होता. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीत हाती लागलेल्या बिनतारी यंत्रांतून प्रक्षेपक जुळवला गेला आणि तो ट्रकवर चढवून आंबोलीच्या जंगलात नेला. या रेडिओ केंद्राचं कोकणीत नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. कोकणी बाजू वामन सरदेसाई सांभाळत, पोर्तुगीज बाजू लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिस सोबत होते, नंतर भार या दोघांवरच आला.

लिबियाबाईंचं आधीचं आयुष्य पाहा. मुंबईत वाढलेली ही ख्रिस्ती गोमंतकीय मुलगी दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉर कचेरीत होती. इटालियन युद्धकैद्यांची पत्रं वाचणं हे तिचं काम. परक्या माणसांचे जिव्हाळ्याचे शब्द वाचायचे, त्यांत काही लपवलं आहे का ते शोधायचं, आणि पत्र पुढे धाडायचं. नंतर ती कायदा शिकली, आकाशवाणीत राहिली. म्हणजे एका युद्धात तिने लोकांचा आवाज तपासला, आणि दुसऱ्या लढ्यात ज्या समाजाचा आवाज तपासून बंद केला होता त्याला स्वतःचा आवाज दिला. कादंबरीकाराने असा धागा कल्पनेतून काढला असता तर वाचकाला तो जुळवून आणलेला वाटला असता.

आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्या सहा वर्षांची कल्पना येईल. वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस, चार-चार महिने धुकं, भिजलेलं लाकूड, जळवा, साप. अशा ठिकाणी ओलीपासून यंत्र जपायचं. गोव्यातून आलेल्या बातम्या, लिस्बनचे दावे, जगभरच्या वसाहती सुटत चालल्याच्या खबरा गोळा करायच्या, मजकूर लिहायचा, आणि सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी बोलायचं. पुढे मुक्काम कॅसलरॉककडच्या रानात हलला, तरी काम तेच राहिलं. एकाने कोकणीत लोकांशी बोलायचं, दुसऱ्याने राज्यकर्त्याच्या भाषेत राज्यकर्त्यालाच सुनवायचं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. गोव्याची दोन घरं एका मायक्रोफोनसमोर बसली होती, आणि हे ज्या काळात घडत होतं त्या काळात सत्ता या दोन घरांतल्या भिंतीवर उभी होती.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. या गोष्टीवर कुणी लिहायला बसलं, तर त्याने रानातल्या चांदण्यात प्रेमाचे संवाद घालू नयेत. पावसात ओला झालेला कागद एकाने वाळवला आणि दुसऱ्याने त्यावरून वाचलं, एवढं लिहावं. कामच इतकं घट्ट होतं की त्यापलीकडच्या बोलण्याची गरज कादंबरीला पडणार नाही. आणि बाई इथे सज्जात नाही. ती मोहिमेवर आहे, पुरुषाच्या बरोबरीने, ठरल्या घटकेला.

डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य आत शिरलं. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. त्या दिवशी हवाई दलाच्या विमानात ध्वनिक्षेपक लावून लिबियाबाई आणि वामनराव गोव्यावर फिरले, गोवा सुटल्याचं पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीत सांगत, पत्रकं टाकत. सहा वर्षं चोरून ऐकलेले आवाज त्या दिवशी अंगणात उभं राहून ऐकता आले.

दोघांचं लग्न झालं १९६४ साली. वामनरावांना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली, दोन वर्षांनी ते गेले. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर. लिहिणाऱ्याने लग्नाचं प्रकरण शेवटी घालावं आणि दोन पानांत आवरावं. त्याआधीच्या सहा पावसाळ्यांना मात्र तीनशे पानं द्यावीत.